बाबांचे डोळे किती दिवस जिवंत होते?

मुक्तछंद | रविवार, सकाळी १०.१५

बाबा जाऊन सव्वा महिना झाला. पहाटे साडेचारला डॉक्टरांनी येऊन सांगितलं. बाबांनीच दोन वर्षांपूर्वी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली होती, 'डोळे आणि त्वचा द्यायची', म्हणून दादाने फोन केला. सव्वासहाला नेत्रपेढीची दोन माणसं आली. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांचं काम झालं. चेहऱ्यावर काहीही जाणवत नव्हतं, आईने गालावरून हात फिरवला तेव्हाही नाही. नंतर त्वचापेढीची माणसं आली.

नेत्रपेढीची माणसं निघाली तेव्हा एकाच्या हातात बर्फाचा डबा होता, त्यात गुलाबी पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या. मी विचारलं, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, "ताई, हे अजून जिवंत आहे."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाबा आत चटईवर होते आणि हा मुलगा म्हणत होता की बाटलीत आहे ते जिवंत आहे.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. एक डोळा दृष्टीसाठी वापरला गेला. दुसरा 'दृष्टीसाठी योग्य नव्हता'. दुसऱ्यावर माझं मन अडकलंय, कारण नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत खोलीतला पंखा पूर्ण वेगाने चालू होता आणि बाबांच्या पापण्या अर्धवट उघड्या होत्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या चुकीने तो डोळा गेला का?

आणि मुळात फ्रिजमध्ये एखादी गोष्ट जिवंत राहते म्हणजे काय होतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. सोपं करून सांगितलं नाहीत तरी चालेल, मी वाचेन.

निळाई | रविवार, सकाळी ११.४०

मुक्तछंद, मी अकरा वर्षं नेत्रपेढीत काम करते. आधी पंख्याचं सांगते.

पंख्याच्या वाऱ्याने बुबुळाचा बाहेरचा पापुद्रा सुकतो. ते टाळलेलं बरंच, पण दृष्टीसाठी डोळा घ्यायचा की नाही हे मुख्यतः आतल्या थरावर ठरतं. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, मागच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. एकच. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २५०० पेशी. कॉर्नियात शिरणारं पाणी त्या सतत बाहेर उपसत राहतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ दिसतो. माणसाच्या डोळ्यात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. वय वाढलं की कमी होतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही काही जातात. आम्ही स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली त्या मोजतो. दृष्टीसाठी द्यायचा तर निदान २००० तरी असाव्यात असं पाहतो.

बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं का? तसं असेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे.

आता गुलाबी पाणी. त्याला एमके मीडियम म्हणतात, मॅकेरी आणि कॉफमन या दोघांनी ते १९७४ मध्ये तयार केलं. पेशी वाढवायला प्रयोगशाळेत वापरतात ते पोषक द्रव, त्यात प्रतिजैविक, आणि डेक्स्ट्रान. डेक्स्ट्रान पाणी धरून ठेवतं, त्यामुळे कॉर्निया फुगत नाही. गुलाबी रंग फिनॉल रेडचा. द्रव आम्ल होऊ लागला की तो पिवळसर होतो आणि बाटली बिघडतेय हे डोळ्यांनाच कळतं. २ ते ८ अंशांत यात कॉर्निया ४ दिवस टिकतो. नवी माध्यमं १४ दिवसांपर्यंत टिकवतात, पण महाग आहेत.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत. तो प्राणवायू हवेतून घेतो, त्यामुळे हृदय बंद पडल्यावर मूत्रपिंडाची होते तशी त्याची लगेच उपासमार होत नाही. म्हणून घरी गेलेल्या माणसाचे डोळे घेता येतात. तरीही ६ तासांच्या आत.

तर तो मुलगा अगदी खरं बोलला. त्या बाटलीतल्या पेशी जिवंत होत्या, फक्त त्यांचं पाणी उपसण्याचं काम चार अंशांवर जवळजवळ थांबलं होतं.

मुक्तछंद | रविवार, दुपारी १२.०५

डावा. २०१९ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण आज जेवली नीट.

गोठा_आणि_गाव | रविवार, दुपारी १.३०

ताई, बाबांना नमस्कार. आमच्या भावकीतल्या एकाला ऊस तोडताना पातं लागून डोळ्यात फूल पडलं होतं. दोन वर्षं एका डोळ्यावर काढली, मग कुणाचा तरी डोळा मिळाला. कुणाचा ते आम्हाला सांगितलं नाही, सांगत नाहीत. तो अजून दर दिवाळीला एक पणती वेगळी लावतो.

रेवा_कु | रविवार, दुपारी २.१०

मनापासून सहानुभूती, मुक्तछंद. एक विचारायचं होतं. बाबांचं मूत्रपिंड, यकृत का घेता आलं नाही? आणि डोळा चार दिवस टिकतो, त्वचा म्हणे वर्षानुवर्षं टिकते, मग हृदयासाठी पोलीस रस्ते मोकळे करून धावपळ का करतात?

भूलवैद्य | रविवार, रात्री ९.२०

दिवसभर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होतो, आत्ता वाचलं. रेवा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. ही इंद्रियं रक्तावर जगतात. घरी हृदय थांबलं की काही मिनिटांत त्यांची नासाडी सुरू होते. म्हणून मृत्यूनंतर ती बहुधा मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेल्या रुग्णाकडून, रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर हृदय चालू असताना घेतली जातात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाचं हृदय बदललं होतं. केपटाऊनमध्ये बर्नार्ड यांनी पहिलं केलं त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. पण त्या काळातली साधनं मनात आणली की हात जोडावेसे वाटतात.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. थंडी पेशीचा मृत्यू थांबवत नाही, लांबवते. ३७ अंशांवरून ४ अंशांवर आणलं की पेशीचा खर्च दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. पण मिळकत शून्य झालेली असते, त्यामुळे साठवण कधीतरी संपतेच. पेशीच्या आवरणात एक पंप असतो, तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. थंडीत तो जवळजवळ थांबतो. मग सोडियम आत झिरपतं, त्याच्यामागून पाणी जातं, आणि पेशी फुगते. फुगलेली पेशी पुन्हा रक्त सुरू झाल्यावर फुटते.

म्हणून नुसतं बर्फात ठेवून भागत नाही. शरीरातच महाधमनीला चिमटा लावून आतून थंड द्राव सोडतात, रक्त पूर्ण धुऊन निघतं, इंद्रिय फिकट पडतं. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी असा एक द्राव बनवला. पेशीच्या आत असतं तसं भरपूर पोटॅशियम, आणि जोडीला लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज हे मोठे रेणू. ते पेशीत शिरत नाहीत, त्यामुळे बाहेरचं पाणी बाहेरच धरून ठेवतात. निळाईंच्या बाटलीतलं डेक्स्ट्रान जवळपास हेच काम करतं. मग इंद्रिय एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांमध्ये, आणि सगळ्यात बाहेर बर्फाचा चुरा. बर्फ इंद्रियाला थेट लागता कामा नये, लागला तिथे ते गोठून मरतं.

एवढं करून हृदयाला ४ ते ६ तास मिळतात. फुफ्फुसांना ६ ते ८, यकृताला ८ ते १२, मूत्रपिंडाला २४ च्या पुढेही. हृदय सगळ्यांत अधीर, कारण त्याला नव्या छातीत गेल्या क्षणी पूर्ण ताकदीने काम करायचं असतं. मूत्रपिंड दोन-चार दिवस सुस्तावलं तरी डायलिसिसवर निभावता येतं. हृदयाला तशी उसंत नाही.

पोलीस रस्ता मोकळा करतात तो ग्रीन कॉरिडॉर त्यासाठीच. पुण्याहून मुंबईला निघालेल्या हृदयाचे तास दातं आणि टाके मिळून मोजायचे असतात, कारण पोचल्यावर शिवायलाही तासभर लागतो. मी असा डबा दारातून आत येताना पाहिलाय. त्या वेळी ओटीत कुणी बोलत नाही.

भूलवैद्य | रविवार, रात्री ९.२६

वर 'दाता आणि टाके' असं वाचावं, मोबाईलवर टंकलं. म्हणजे दात्याच्या महाधमनीला चिमटा लागल्यापासून ते रुग्णाच्या शेवटच्या टाक्यापर्यंतचा सगळा वेळ.

रेवा_कु | रविवार, रात्री १०.०२

मग सरळ डीप फ्रीझरमध्येच का नाही ठेवत? चार अंशांवर वेळ वाढतो तर उणे वीसवर महिने मिळायला हवेत ना?

गोठा_आणि_गाव | सोमवार, सकाळी ६.१५

रेवाताई, याचं उत्तर आमच्या गोठ्यात आहे.

मी पशुवैद्यक नाही, पण कृत्रिम रेतनाचं काम वीस वर्षं करतोय. गाय माजावर आली की फोन येतो, मी मोटरसायकलवर कंटेनर बांधून निघतो. आत द्रवरूप नत्र, उणे १९६ अंश. त्यात पाव मिलीच्या कांड्या, एकेका कांडीत वळूचं वीर्य. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बायफ ही संस्था सुरू केली, तिथून शेतकऱ्याच्या दारात जाऊन गाय भरवायची पद्धत आपल्या भागात रुजली. आज ज्या गाईचं दूध तुमच्या घरी येतं ती बऱ्याचदा अशाच कांडीतून जन्मलेली असते. वळू मरून दहा वर्षं झाली तरी त्याची वासरं जन्मतात. मी स्वतः हातांनी ओढून काढलीत.

पण नुसतं वीर्य नत्रात टाकलं तर सगळं मरतं. आधी त्यात अंड्याचा बलक आणि ग्लिसरीन घातलेला द्राव मिसळतात, मग ठरलेल्या वेगाने थंड करतात. वापरताना कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. एकदा वितळली की परत गोठवायची नाही.

एका उन्हाळ्यात नत्राची गाडी यायला उशीर झाला. मीही पातळी मोजायला विसरलो. कंटेनर कोरडा पडला तेव्हा आत दोनशेवर कांड्या होत्या. बाहेरून सगळ्या तशाच दिसत होत्या, निळ्या, पिवळ्या. एकही कामाची नव्हती. त्यात एका जातिवंत खिल्लार वळूच्या शेवटच्या कांड्या होत्या. तो वळू पुन्हा मिळणार नाही. तेव्हापासून रोज सकाळी पट्टी घालून नत्र मोजतो, मग चहा.

मिनियापोलिसकर | सोमवार, रात्री ८.४५

गोठा_आणि_गाव, तुमचा प्रतिसाद आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा असा आहे. मी याच विषयाशी जोडलेल्या अभियांत्रिकीत काम करते.

ग्लिसरीनचा शोध १९४९ चा, लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांचा. ते कोंबड्याच्या वीर्यावर काम करत होते. साखरेचा द्राव म्हणून घेतलेल्या बाटलीत प्रत्यक्षात ग्लिसरीन निघालं आणि गोठवलेल्या पेशी वितळल्यावर पोहू लागल्या. त्यांनी ती बाटली फेकून न देता आत काय आहे ते शोधून काढलं, त्यावर आज हे सगळं उभं आहे.

रेवा, कोथिंबीर फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढली की तिचा चोथा होतो, ते आठवा. पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात. ते शुद्ध पाण्याचे असतात, त्यामुळे उरलेल्या पाण्यात क्षार आटत जातात. पेशी एकीकडे स्फटिकांनी चिरडली जाते आणि दुसरीकडे खारवली जाते. फार सावकाश थंड केलं तर ती खारवून, सुकून मरते. फार घाईने केलं तर तिच्या आतच बर्फ होतो. प्रत्येक प्रकारच्या पेशीचा योग्य वेग वेगळा. सुट्या पेशींना तो साधता येतो, पण मूत्रपिंडात अनेक प्रकारच्या पेशी आणि नाजूक वाहिन्या एकत्र असतात. सगळ्यांना एकच वेग मानवत नाही.

म्हणून दुसरा मार्ग, बर्फ होऊच द्यायचा नाही. साखरेच्या पाकाचं बघा. सावकाश स्फटिक धरू दिले तर खडीसाखर होते, पटकन थंड केला तर चिक्कीसारखी काच. पाकाने साखर धरू नये म्हणून आई लिंबू पिळायची. आमची रक्षक द्रव्यं म्हणजे ते लिंबू. पेशीतलं पाणी काचेसारखं थिजतं, स्फटिक नाहीत. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. मात्र ही द्रव्यं एवढ्या प्रमाणात विषारी असतात, आणि खरी परीक्षा परत गरम करताना होते. बाहेरून ऊब दिली तर कड आधी तापते, आत थंडच राहतं. मग एक तर तडा जातो किंवा मधल्या टप्प्यात स्फटिक धरतात.

इथल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने त्यावर उपाय काढला. रक्तवाहिन्यांतून लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आधीच भरून ठेवायचे आणि नंतर बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धरायचं. कण आतूनच तापतात, सगळीकडे एकदम. २०२३ मध्ये त्यांनी उंदरांची मूत्रपिंडं १०० दिवसांपर्यंत अशी ठेवून, गरम करून, कण धुऊन, पाच उंदरांमध्ये बसवली. ती चालली. उंदराचं मूत्रपिंड शेंगदाण्याहून फार मोठं नसतं आणि माणसाचं मुठीएवढं. अंतर मोठं आहे, पण मी आशेने काम करते.

आमच्या इथल्या रानात एक बेडूक आहे. हिवाळ्यात पाचोळ्याखाली तो दगडासारखा गोठतो, हृदय थांबतं, अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो. वसंतात वितळून उड्या मारत निघून जातो. यकृतातून रक्तात भरमसाट साखर सोडून तो पेशी वाचवतो. दर मार्चमध्ये मी मुलीला घेऊन तळ्यावर त्यांचा आवाज ऐकायला जाते.

रक्तपेढी_तंत्रज्ञ | सोमवार, रात्री ९.३०

चांगला धागा. एक भर घालतो. थंडी सगळ्यांनाच मानवते असं नाही. लाल पेशी २ ते ६ अंशांत ३५ ते ४२ दिवस राहतात, पण प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवल्या तर रुग्णाच्या शरीरात गेल्यावर लगेच बाहेर काढल्या जातात. त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवतो. फक्त ५ दिवस. डेंग्यूच्या मोसमात आम्ही पुन्हापुन्हा दात्यांना हाका मारतो ते म्हणूनच, आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत.

आणि मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट. तो फार दुर्मीळ, पण त्याच्या लाल पेशी ग्लिसरीन घालून उणे ८० मध्ये वर्षानुवर्षं जपता येतात. तेच ग्लिसरीन, कोंबड्याचं आणि वळूचं.

सुमनआजी | मंगळवार, सकाळी १०.५०

माझ्या सुनेला सातवा आहे. एका खाजगी बँकेचे लोक बाळाच्या नाळेचं रक्त गोठवून ठेवा म्हणून मागे लागलेत. 'बाळाचा जन्मभराचा विमा' म्हणतात. रक्कम मोठी आहे. करावं का?

भूलवैद्य | मंगळवार, दुपारी ३.१५

आजी, नाळेच्या रक्ताने रोग बरे होतात हे खरं. १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. ग्लुकमन यांनी पहिल्यांदा केलं, ते बहिणीच्या नाळेचं रक्त भावाला होतं. पण बाळाला पुढे थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार निघाला तर त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल तर जरूर विचार करा. नसेल तर 'विमा' म्हणून पैसे घालण्याची शिफारस भारतीय वैद्यक संशोधन परिषदही (आयसीएमआर) करत नाही. ते पैसे सुनेच्या बाळंतपणाला ठेवा.

ओंजळ | मंगळवार, रात्री ११.५५

तीन दिवस नुसतं वाचतेय. आज लिहिते.

मी २९ वर्षांची असताना स्तनाचा कर्करोग निघाला. केमो दोन आठवड्यांत सुरू होणार होती. बीजांडांवर तिचा परिणाम होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मैत्रिणीने विचारलं म्हणून मी विचारलं, आणि मग दहा-अकरा दिवस इंजेक्शनं घेऊन नऊ बीजांडं काढली. ती आज एका टाकीत उणे १९६ वर आहेत, वर सांगितलेल्या काचेसारखी थिजून. बीजांड ही शरीरातली सगळ्यांत मोठी पेशी, पाण्याने भरलेली, म्हणून जुन्या सावकाश पद्धतीने ती फार दगावत, असं तिथल्या बाईंनी समजावलं.

दरवर्षी भाडं भरते. २०२१ च्या कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात. माझी चार गेली. माझं वय ३३ आहे, त्यांचं अजून २९. कधी कधी रात्री वाटतं, तिथे वीज गेली तर? गोठा_आणि_गाव यांची कोरडी पडलेली टाकी वाचून पोटात गोळा आला, पण रोज सकाळी पट्टी घालून मोजणारा माणूस जगात आहे हे वाचून बरंही वाटलं.

केमो सुरू करणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीला, मुलाला, आधी हे विचारा. ज्याने केमो सांगितली त्यांनाच विचारा, पहिल्याच दिवशी.

गोठा_आणि_गाव | बुधवार, सकाळी ६.०५

ओंजळताई, नत्राच्या टाकीला वीज लागत नाही. थर्मॉससारखी असते, नत्र भरत राहिलं की झालं. निर्धास्त झोपा. पातळी कोण बघतं आणि किती वेळा, हे मात्र तिथे एकदा विचारून घ्या. विचारायचा तुमचा हक्क आहे.

निळाई | बुधवार, दुपारी ४.३०

ओंजळ, गोठवलेल्या बीजांडांचा विषय निघालाय तर डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची आठवण काढावीशी वाटते. कोलकात्यात त्यांनी गोठवून ५३ दिवस ठेवलेल्या गर्भातून ३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी जन्माला आली. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. पुढे ऑगस्ट १९८६ मध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेच देशातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. आणि १९९७ मध्ये याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणं वाचून जाहीर केलं की पहिला मान त्यांचा. आपल्या नावावरचा मान त्यांनी स्वतः काढून दिला.

मुक्तछंद | बुधवार, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्यात. त्वचाही जिवंत असते का? आणि डाव्या डोळ्याचं काय झालं असेल? टाकून दिला असेल का?

निळाई | बुधवार, रात्री ८.५५

त्वचा जिवंत ठेवत नाहीत. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आणि इतर त्वचापेढ्या ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये मुरवतात, त्यात पेशी मरतात आणि जंतूही. ४ अंशांवर ती ५ वर्षांपर्यंत टिकते. भाजलेल्या माणसाच्या अंगावर ती कायमची राहत नाही, काही आठवड्यांत गळून पडते. पण तेवढे दिवस पाणी आणि मीठ आत राखते, जंतू बाहेर राखते, वेदना कमी करते. तेवढ्या वेळात खालची स्वतःची कातडी भरून येते किंवा डॉक्टरांना पुढची तयारी करता येते.

डावा डोळा. पेशी कमी असल्या तरी कॉर्नियाचा मधला जाड भाग मजबूत असतो. असे डोळे आम्ही ग्लिसरीनमध्येही ठेवतो. बुबुळाला जखम होऊन भोक पडतं, उसाच्या पात्याने, भाताच्या लोंबीने, आणि मध्यरात्री रुग्ण येतो. तेव्हा डोळाच वाचवायचा असतो, नजरेचं नंतर बघता येतं. त्या वेळी हा तुकडा ठिगळ म्हणून लावतात. तुमच्या पत्रावरचा नोंदणी क्रमांक देऊन नेत्रपेढीत विचारा. नाव सांगणार नाहीत, वापर सांगतील.

रेवा_कु | शुक्रवार, रात्री ११.४०

कुणी जागं आहे का? आमच्या शेजारच्या काकू पाऊण तासापूर्वी गेल्या. डॉक्टर येऊन गेले. मुलगा बंगळुरूहून सकाळी पोचेल. मी हा धागा त्यांच्या मुलीला दाखवला, ती हो म्हणतेय. काकूंना मधुमेह होता, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. चालेल का?

निळाई | शुक्रवार, रात्री ११.४३

चालेल. मधुमेह, चष्मा, मोतीबिंदू कशानेच नेत्रदान अडत नाही. मुलाची वाट पाहू नका, फोनवर त्याची संमती घ्या. पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटवा, ओल्या कापसाच्या घड्या वर ठेवा. डोक्याखाली उशी. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा. शहराच्या नेत्रपेढीला आत्ता फोन करा, रात्रीही येतात. मी जागी आहे.

रेवा_कु | शनिवार, पहाटे २.२०

आत्ता गेले. दोन बाटल्या, गुलाबी पाणी.